विहीणबाईंनी आणलेले डबे

४ मार्च २००७, रविवार

डोहाळे लागावेत तर कशाचे — रस्त्याच्या कडेला उभं राहून खायच्या रोलचे! चिंच नाही, कैरी नाही. सातवा महिना लागला आणि आमच्या ईशिताच्या जिभेला सासर आठवलं. सकाळीच फोन. "बाबा, मला दुसरा काही नको. मा करते ना ते समर रोल्स, फक्त तेच पाहिजे. माझ्या डोहाळजेवणात ठेवा. प्रॉमिस?"

मा म्हणजे तिची सासू, लानबाई. जावई मिन्ह इथलाच, विलायतेतला, हॅकनीत वाढलेला. आई मात्र सायगावची. तिथे शाळेच्या फाटकाशी टोपल्या घेऊन बसणाऱ्या बाया हे रोल विकतात म्हणे. तांदळाची कागदासारखी पातळ पापडी पाण्यात भिजवायची, तिच्यात कोळंबी, डुकराच्या मांसाचे काप, शेवया आणि मूठभर पाला गुंडाळायचा, शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खायचं. तळणं नाही, फोडणी नाही.

प्रॉमिस म्हणून टाकलं. न म्हणायला काय झालं? मी स्वतः मिन्हबरोबर किंग्जलंड रोडला त्यांच्याकडच्या हॉटेलांत बसून फोचे, म्हणजे शेवयांच्या सुपाचे, वाडगेच्या वाडगे रिचवलेत. लग्नात तर मी भाषण ठोकलं होतं — दोन भातखाऊ देशांची सोयरीक वगैरे. टाळ्या पडल्या होत्या.

ईशिताची आई अलका मात्र म्हणाली, "हॉलवर मराठी मंडळाच्या सगळ्या बायका असणार. ओटी भरायची, देवाचं नाव घ्यायचं. तिथे कोळंबी चालायची नाही. तुम्ही लानबाईंना फोन करून सांगा, शाकाहारी काहीतरी करा म्हणावं."

म्हणालो, सांगतो.

७ मार्च, बुधवार

अलकाने विचारलं, केलात का फोन? हो म्हणालो. केलेला नाही! दोनदा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. कसं सांगायचं? तुम्ही जे खाता ते आमच्या ताटाजवळ नको, असंच ना? भाषण ठोकणाऱ्या माणसानं?

उद्या नक्की.

९ मार्च, शुक्रवार

नाही केला.

१० मार्च, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

चर्चचा हॉल गच्च भरला होता. ईशिता हिरव्या साडीत, गळ्यात फुलांचे दागिने, झोपाळ्यावर. इतकी गोड दिसत होती की मी दोनदा चष्मा पुसला. पुरुषांना कामं ठरलेली — गाड्या लावून देणे, चहा, आणि आलेले डबे किचनमध्ये नेऊन ठेवणे.

लानबाई कार पार्कमध्येच भेटल्या. निळा लांब झगा, खाली पांढरी रेशमी सलवार, केसांना तेल लावून अंबाडा. हातात दोन मोठे डबे, फडक्यात बांधलेले. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "डॉक्टर, आजच खायचे. उद्या पापडी कडक होते. आणि प्लीज, ईशिता फर्स्ट."

किचनमध्ये कुणी नव्हतं. झाकण काढलं. ओळीनं मांडलेले रोल, आणि पापडी इतकी झिरझिरीत की आतलं सगळं दिसतंय — गुलाबी पट्ट्यांची बाकदार कोळंबी, तिच्यामागे मांसाचे काप. चूक माझीच. मी फोन केला नाही, बिचारीला कुणी सांगितलं नाही, तर ती दुसरं काय आणणार?

तेवढ्यात बाहेरून मीनलताईंचा आवाज. "पद्माकर! विहीणबाईंनी काय आणलंय रे? आण की बाहेर, बघू दे!"

मीनलताई म्हणजे आमच्या मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनच्या. ऐंशीच्या घरात आल्या, डोहाळ्याची गाणी अजून तोंडपाठ. घरात अंडंसुद्धा नाही. दुकानात बिस्किटाचं पाकीट उलटं करून भिंगातून वाचतात. मी अध्यक्ष असताना एका वर्षी दिवाळीच्या जेवणात जेली ठेवली होती, तिच्यात जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडांचं, निघालं. त्या एक शब्द न बोलता पानावरून उठल्या होत्या. त्या शांतपणे उठण्याची मला अजून धडकी आहे. आणि ईशिताचं लग्न ठरलं तेव्हा यांनीच विचारलं होतं, "काय खातात हो हे लोक?"

ते "बघू दे" माझ्या कानात घुसलं आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं. भिंग, मग शांतपणे उठणं, मग हॉलभर कुजबुज. डॉक्टरांच्या चिनी व्याह्यांनी ओटीत कोळंबी आणली! (चिनी नाहीत हे सांगून सांगून मी दमलोय.)

"गाडीतच राहिलंय. आणतो हं!" असं ओरडलो, आणि दोन्ही डबे उचलून मागच्या दारानं बाहेर. डिकी उघडली, आत ठेवले, वर माझा रेनकोट टाकला. आत येऊन चहाच्या कपांमागे उभा राहिलो. मीनलताईंच्या समोर परत गेलोच नाही.

पानं उठायला लागली तेव्हा ईशितानं हाक मारली. शेजारी लानबाई. त्यांच्या ताटात वरणभात, मान सारखी टेबलाकडे.

"बाबा, माझे रोल्स कुठे?"

आणि मी म्हणालो, "संपले!" हसत म्हणालो. "टेबलावर ठेवायचा अवकाश, बायकांनी फडशा पाडला. पाच मिनिटं नाही टिकले."

"एक पण नाही ठेवला माझ्यासाठी?" तिचं तोंड एवढंसं झालं. मग एकदम सासूकडे वळली. "मा! दे लव्ड इट!" लानबाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि हसायला लागल्या. लहान मुलीसारख्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टर, मी खूप घाबरले होते."

पोरगी आपल्याच डोहाळजेवणातून डोहाळ्याचा पदार्थ न खाता उठली आणि वर आनंद मानून घेतला. बाप तिथेच उभा होता.

११ मार्च, रविवार

अलका देवळात गेली तेव्हा डिकी उघडली. पापड्या खरंच कडक झाल्या होत्या. कोळंबी रात्रभर गाडीत — डॉक्टर माणूस मी, कुणाला देणार? काळ्या पिशवीत घालून बिनमध्ये टाकले. गाठ दोनदा मारली. वास येत नव्हता खरं तर. नुसता पुदिन्याचा येत होता.

डबे गरम पाण्यानं घासले. अलका येऊन म्हणते, "आज सूर्य कुठून उगवला?"

१४ मार्च, बुधवार

रात्री लिहितोय, अलका झोपल्यावर.

ईशिता दुपारी आली. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि खुदकन हसली. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला पण वाटला ना, ती प्रॉन्स खरी आहेत?"

म्हणालो, म्हणजे?

खोटी! सगळं खोटं होतं. कोळंबी म्हणजे कुठल्याशा कंदाचं पीठ, साच्यात घालून वळवलेलं, वर गाजराच्या रसानं पट्टे ओढलेले. मांसाचे काप म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, सुकवून, थरावर थर दाबून. त्यांच्यातली भाविक माणसं पौर्णिमा-अमावास्येला मांसमासे खात नाहीत. मग ज्याला रोजच्या चवीची आठवण येते त्याच्यासाठी ही नक्कल करायची रीत. रस्त्यावरच्या गाड्यांवरसुद्धा त्या दिवशी असं मिळतं म्हणे. जितकी हुबेहूब तितकी करणारी हुशार. लानबाई चार दिवस त्यांच्या देवळात जाऊन तिथल्या संन्यासिनींबरोबर करत होत्या. मनगट दुखतंय त्यांचं अजून.

"आणि बाबा, कांदालसूण पण नाही. आणि मा तर नवस बोलली आहे, बेबी येईपर्यंत ती स्वतः पण व्हेज."

म्हणजे मी ज्या सोवळ्याच्या भीतीनं ते फेकलं, त्या सोवळ्याहून ते अधिक सोवळं होतं!

मग पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकले. "थँक यू बाबा. तुम्ही तिला फोन करून एवढा नीट सांगितला ना, म्हणून. ती म्हणत होती, तुमच्याकडून फोन आला, सगळा समजावला, काय चालतं, काय नाही."

मी फोन केला नव्हता. मग कोणी केला? अलकानं? अलकाला विचारता येत नाही, कारण अलकाला मी सांगितलंय की मीच केला. स्वतःच विणलेल्या जाळ्यात स्वतःच!

"त्यात काय एवढं," असं म्हणालो मी ईशिताला. खरंच असं म्हणालो.

१९ मार्च, सोमवार

लानबाईंचा फोन. बायकांना जास्त काय आवडलं, रोल की चटणी? मी म्हणालो, चटणी. त्या म्हणाल्या, अननसाची की शेंगदाण्याची? मी म्हणालो, दोन्ही. मग म्हणाल्या, "तुम्ही किती खाल्ले, डॉक्टर?"

"दोन."

आकडा सांगताना आवाज जरासुद्धा कापला नाही. लोकांना भूल देऊन देऊन ही सवय झाली असणार — काही दुखणार नाही, असं शांतपणे सांगायची.

२४ मार्च, शनिवार

हॅरोहून ट्यूब, पुढे बस, किंग्जलंड रोड. एकटा गेलो. निदान चव तरी माहीत असावी, म्हणजे पुढच्या फोनला बोलता येईल! काय पातळीला आलोय.

हॉटेलात शाकाहारी रोल मागितले. आत टोफू आणि गाजर. बरे होते. पण कोळंबी नाही, पट्टे नाहीत, काही नाही. शेजारच्या टेबलावर एक आजोबा बान्ह सेओ खात होते. हळदीचं पिवळंधमक, कडेनं जाळीदार, आपलं घावनच म्हणा ना. तोडायचं, सॅलडच्या पानात गुंडाळायचं, बुडवायचं. ते माझ्याकडे बघून हसले आणि ताट पुढे सरकवलं. अनोळखी माणसाला! मी एक तुकडा घेतला. तेवढ्यानं डोळे भरून आले, मिरची लागली म्हणून खोकल्याचं सोंग केलं.

ईशितासाठी रोल बांधून आणले. तिनं एक घास खाल्ला, हळूच बाजूला ठेवला. "नाही बाबा, मासारखं नाही. असू दे. मा आता बेबी झाल्यावरच करणार, तिचा हात दुखते."

उरलेले मी खाल्ले. उभ्यानं, सिंकपाशी.

८ एप्रिल, रविवार

मंडळात गेलो नाही. पाठ धरली म्हणून सांगितलं. मीनलताईंनी अलकाजवळ माझी चौकशी केली म्हणे. कशाला करतात? त्यांच्यामुळे तर हे सगळं झालं! त्या हॉलमध्ये दुसरं कुणी असतं तर मी डबे सरळ टेबलावर ठेवले असते. वर पाटी लावली असती, नॉनव्हेज. ज्याला हवं तो घेईल. पण मीनलताई बसल्या की आम्ही सगळे पोरं होतो. साठी उलटली तरी.

असं लिहिलं की जरा बरं वाटतं.

५ मे, शनिवार

मुलगी! सकाळी. दोघी सुखरूप. केस काळेभोर, नाक आमचं नाही, पण बोटं ईशिताची. लानबाई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, हात जोडून. मी बाजूला उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझे हात हातात घेतले. मनगटाला पट्टा होता.

आज फक्त आनंद लिहायचा ठरवलं होतं.

९ मे, बुधवार

बारसं एकोणीस तारखेला. तोच हॉल. मिन्हचा फोन. आई म्हणते, रोल मीच करणार, आणि या वेळी दोनशे! "मागच्या वेळी पाच मिनिटांत संपले, ईशिताला मिळाले नाहीत, असं परत नको म्हणते. मी सांगितलं, मनगटाचं बघ. ऐकत नाही. तुम्ही सांगा ना बाबा, तुमचं ऐकेल."

माझं ऐकेल!

अलकाला आज सगळं सांगितलं. तिनं हातातली पातेली खाली ठेवली. फोन तिनंही केला नव्हता. मग एवढंच म्हणाली — "त्या बाईला आता दोनशे वळायला लावणार आहात?"

१२ मे, शनिवार

हॅकनीला गेलो. लानबाईंच्या दुकानाच्या वरच त्यांचं घर. खाली शिवणाची मशिनं, वर किचन. टेबलावर कंदाचं पीठ भिजवलेलं, साचे मांडलेले. कोळंबीचे साचे! टिनचे, छोटे छोटे, कडा झिजलेल्या. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि पुन्हा कामाला बसल्या.

सांगितलं. गोल गोल फिरवलं नाही. फोन केला नव्हता, मला वाटलं खरी कोळंबी, घाबरलो, डिकीत ठेवले, दुसऱ्या दिवशी टाकले. कुणी एक घास खाल्ला नाही. मी खोटं बोललो. दोन खाल्ले म्हणालो तेही खोटं.

त्यांचा हात थांबला. मला वाटलं इंग्रजी नीट कळलं नसेल, म्हणून परत सांगायला लागलो. त्यांनी पिठाचा हात वर करून मला थांबवलं.

"नाही डॉक्टर," म्हणाल्या. "मीनलनी तीन खाल्ले."

कोण मीनल?

"तुमची मीनल. ओल्ड लेडी. तिनंच फोन केला होता ना मला, आधी. दुकानाचा नंबर शोधून. म्हणाली, बाई, मी कधी तुमचं काही खाल्लेलं नाही, मला खायचंय, पण मला हे चालत नाही, ते चालत नाही, काही करता येईल का? मी म्हटलं, येईल. कांदा नको, लसूण नको, तिनंच सांगितलं. रोज फोन करायची. साय कशी दाबता, पट्टे कसे ओढता. कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पण केला. फार छान झाले होते, मी तीन खाल्ले, म्हणाली."

माझ्या तोंडाकडे बघता बघता त्यांना कळलं. मी खोटं बोललो हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. तीन रोलांचं खोटं त्यांना लागलं. ज्या एका बाईसाठी म्हणून केले होते, तिलाही मिळाले नव्हते. त्या उठल्या, सिंकपाशी जाऊन हात धुतले, खूप वेळ धुतले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ईशिताला सांगू नका. तिला दूध यायचंय. तिला आनंदात राहू दे."

मनगटाचं काय, दोनशे नका करू, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"करणार," म्हणाल्या. "पण आत तुम्ही नेणार. टेबलावर तुम्ही ठेवणार. आणि संपेपर्यंत तिथेच उभे राहणार."

जिना उतरताना एकच डोक्यात. दोन महिने मी या वहीत ज्या बाईच्या नावानं खडे फोडतोय, ती किचनबाहेर उभी राहून "आण की बाहेर" म्हणत होती ते भूक लागली होती म्हणून!

१३ मे, रविवार

मीनलताईंकडे गेलो. दार उघडून दारातच उभ्या राहिल्या.

म्हणालो, लानबाईंना सांगितलं सगळं. तुम्हाला माहीत होतं?

"खिडकीतून दिसत होतास की. डिकीत ठेवलेस, वर रेनकोट टाकलास. मला वाटलं, आणशील आता. मग वाटलं, निदान घरी जाऊन खाल्ले असशील." मग म्हणाल्या, "तिला काय सांगायचं होतं मी? मी खोटं बोलले रे. या वयात."

मी मान खाली घातली.

"माझी भीती वाटली होय तुला?"

हो म्हणायचा धीर झाला नाही. नुसती मान डोलावली.

मग "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चहा विचारला नाही.